बागेतली दफनभूमी : दगड काय सांगतात?

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी पोकीप्सी नावाचे एक शहर आहे. तेथील दफनभूमीत कार्पेंटर या अमेरिकन कुटुंबाच्या मालकीच्या जागेत एका मराठी स्त्रीची रक्षा पुरलेली आहे. ही स्त्री म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ज्यांनी अमेरिकेत आनंदीबाईंना मुलीसारखे घरी ठेवून घेतले, त्या थिओडोशिया कार्पेंटर यांच्याकडे गोपाळरावांनी ही रक्षा पाठवली आणि कार्पेंटरबाईंनी ती आपल्या माणसांशेजारी ठेवली.

आनंदीबाईंची ही हकीकत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असते. पण ती दफनभूमी कशी आहे, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तिच्या नावात 'रूरल', म्हणजे ग्रामीण, असा शब्द आहे. वळणावळणाचे रस्ते, टेकाडे, मोठाले वृक्ष आणि त्यांच्या सावलीत विखुरलेली स्मारके असे या प्रकारच्या दफनभूमीचे रूप असते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत अशा दफनभूमी गावोगाव तयार झाल्या. त्या सर्वांचा मूळ नमुना म्हणजे बॉस्टनजवळची माउंट ऑबर्न दफनभूमी. तिची कथा वैज्ञानिकाला विशेष रंजक वाटावी अशी आहे. कारण ती स्थापन केली एका डॉक्टर-वनस्पतिशास्त्रज्ञाने, आणि तेथे विज्ञानातील काही गाजलेल्या भांडणांचे दोन्ही पक्ष एकाच कुंपणाच्या आत विसावले आहेत.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त बॉस्टनला गेले असताना मे महिन्यातल्या एका रविवारी मी ही दफनभूमी पाहायला गेले. फाटकातून आत शिरताच पंधरावीस माणसे दिसली. सर्वांच्या गळ्यात दुर्बिणी, माना वर, आणि नजर एका ओक वृक्षाच्या शेंड्याकडे. वसंतात उत्तरेकडे स्थलांतर करणारे वॉर्बलर जातीचे चिमुकले पक्षी दाट वस्तीच्या शहरात हा हिरवा ठिपका पाहून विश्रांतीला उतरतात, आणि त्यांना पाहायला माणसे जमतात. कबरींकडे मात्र कोणाचेच लक्ष नव्हते.

चुकीचे कारण, योग्य निर्णय

बाग आणि कबर यांची सांगड घालावी असे लोकांना का वाटले? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतील शहरांत मृतांना पुरण्याची जागा म्हणजे चर्चचे आवार किंवा चर्चखालची तळघरे. शहरे वाढली, पण आवारे तेवढीच राहिली. मग एकावर एक शवपेट्या रचल्या जाऊ लागल्या. पावसात माती वाहून गेली की नको ते उघडे पडे.

त्या काळच्या वैद्यकाची अशी समजूत होती, की कुजणाऱ्या पदार्थांतून एक दूषित वाफारा निघतो आणि त्यामुळेच साथी पसरतात. १८२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पीतज्वराची साथ आली, तेव्हा ट्रिनिटी चर्चच्या आवारातील कबरींवर चुना पसरण्यात आला होता. पीतज्वर डास पसरवतात. ही कल्पना क्यूबातील डॉ. कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये मांडली आणि १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या गटाने ती प्रयोगांनी सिद्ध केली. चुन्याने दुर्गंधी कमी झाली असेल, डास नक्कीच नाहीत. तरीही दफनभूमी शहराबाहेर न्यावी हा विचार वाफाऱ्याच्या भीतीतूनच बळावला. विहिरीच्या पाण्याचा विचार केला तर तो निर्णय योग्यच होता. मात्र त्यामागचे खरे कारण सांगायला अजून सूक्ष्मजीवशास्त्र जन्मायचे होते.

बॉस्टनमध्ये हा विषय लावून धरला जेकब बिगेलो यांनी. ते वैद्यकी करत, हार्वर्डमध्ये शिकवत, आणि त्यांनी अमेरिकेतील औषधी वनस्पतींवर चित्रांसह तीन खंडांचा ग्रंथ लिहिला होता. 'टेक्नॉलॉजी' हा शब्द आज आपण उठताबसता वापरतो. तो अमेरिकेत रुळला त्याला १८२९ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे एक पुस्तक बरेचसे कारणीभूत आहे. मृतदेह मातीत मिसळून झाडांच्या वाढीला लागावा यात त्यांना काही भयंकर वाटत नव्हते, उलट तेच निसर्गाला धरून आहे असे ते म्हणत. १८२५ मध्ये त्यांनी काही नागरिकांना घरी बोलावून ही कल्पना मांडली. पॅरिसमध्ये १८०४ पासून पेर लाशेज ही बागेसारखी दफनभूमी होतीच, तिचा दाखला समोर होता. पण जागा मिळेना. १८२९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये बागकाम संस्था स्थापन झाली, तिलाही प्रयोगासाठी बाग हवी होती. दोघांच्या गरजा जुळल्या आणि १८३१ मध्ये चार्ल्स नदीजवळची ७२ एकर टेकडीची जमीन घेण्यात आली. २४ सप्टेंबर १८३१ रोजी तिचे विधिपूर्वक उद्घाटन झाले. पुढे जमीन वाढत जाऊन आज ती १७५ एकरांच्या आसपास आहे. आतल्या मोठ्या रस्त्यांना झाडांची नावे आहेत आणि पाऊलवाटांना फुलझाडांची. वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती कारभार गेला की असे होते!

तेव्हा अमेरिकन शहरांत सार्वजनिक उद्याने जवळजवळ नव्हती. त्यामुळे माउंट ऑबर्नला फिरायला येणाऱ्यांची रीघ लागली. फिलाडेल्फिया, ब्रुकलिन येथेही अशाच दफनभूमी झाल्या. लोक कबरींमध्ये हवा खायला जातात, याचा अर्थ त्यांना बागांची भूक आहे, हे अँड्र्यू डाउनिंग या उद्यानतज्ज्ञाने दाखवून दिले. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध सेंट्रल पार्कचा आराखडा १८५८ मध्ये मंजूर झाला तो याच वातावरणात.

दोन दगड, एक शोध

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे वळू. माउंट ऑबर्नमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याचे स्मारक आहे. बॉस्टनच्या नागरिकांनी ते उभारले. त्यावरील मजकुराचा आशय असा : श्वासावाटे भूल देण्याचा शोध लावणारा आणि तो जगापुढे आणणारा हा पुरुष, याच्या आधी शस्त्रक्रिया म्हणजे यातना होत्या, याच्यानंतर वेदना विज्ञानाच्या ताब्यात आली. हा मजकूर बिगेलो यांनीच रचला.

याच दफनभूमीत चार्ल्स जॅक्सन या रसायनशास्त्रज्ञाची कबर आहे. तिच्यावरचा मजकूर म्हणतो, की ईथरचा संवेदनांच्या मज्जातंतूंवर होणारा परिणाम जॅक्सन यांनी पाहिला, त्यावरून धाडसी अनुमान काढले, आणि त्यातूनच वेदनारहित शस्त्रक्रियेचा शोध लागला.

दोन्ही दगड एकाच शोधावर हक्क सांगतात. मग खरे काय?

घडले ते असे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मॉर्टन यांनी एका तरुण रुग्णाला काचेच्या गोळ्यातून ईथरची वाफ हुंगवली आणि जॉन वॉरन या ज्येष्ठ सर्जनने त्याच्या मानेवरची गाठ काढली. रुग्ण ओरडला नाही. जमलेल्या डॉक्टरांना जे दिसले त्यावर त्यांचा विश्वास बसेना. नोव्हेंबरमध्ये बॉस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकात याचा वृत्तान्त आला. तो लिहिला होता हेन्री बिगेलो यांनी. हे जेकब बिगेलो यांचे चिरंजीव. म्हणजे मुलाने बातमी दिली आणि वडिलांनी स्मारकलेख लिहिला. मॉर्टनच्या बाजूचा साक्षीदार अगदीच त्रयस्थ नव्हता, हे ध्यानात ठेवायला हवे.

मॉर्टन यांनी आपले द्रव्य ईथरच आहे हे लपवण्यासाठी त्यात रंग व सुगंध मिसळला, त्याला 'लेथिऑन' असे नाव दिले आणि पेटंटही काढले. ईथरचा उग्र वास ओळखणाऱ्या डॉक्टरांपासून हे किती काळ लपणार? इकडे जॅक्सन पुढे आले. दात काढताना ईथर वापरून पाहा, असे मॉर्टन यांना आपणच सुचवले, असे त्यांचे म्हणणे होते. या दोघांत सल्लामसलत झाली होती हे खरे. हॉरेस वेल्स या दुसऱ्या दंतवैद्याने १८४५ मध्येच बॉस्टनमध्ये नायट्रस ऑक्साइडचा प्रयोग करून दाखवला होता. रुग्ण मध्येच कण्हला आणि वेल्स यांची हुर्यो झाली. तिकडे जॉर्जिया राज्यात क्रॉफर्ड लाँग या डॉक्टरने १८४२ मध्येच ईथर देऊन गाठ काढली होती. पण त्याने ते प्रसिद्ध केले १८४९ मध्ये. फ्रेंच विज्ञान अकादमीने शेवटी बक्षिसाची रक्कम जॅक्सन आणि मॉर्टन यांच्यात विभागून दिली. भांडण त्यानेही मिटले नाही.

या तंट्याला एक शब्दही चिकटलेला आहे. कवी आणि शरीरशास्त्राचे अध्यापक ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी नोव्हेंबर १८४६ मध्ये मॉर्टन यांना पत्र लिहून या अवस्थेला 'अ‍ॅनेस्थेशिया' म्हणावे असे सुचवले. सूतिकाज्वर डॉक्टरांच्याच हातांनी एका बाळंतिणीकडून दुसरीकडे पोहोचतो, असे १८४३ मध्ये ठासून सांगणारे होम्स ते हेच. त्यांची कबरही माउंट ऑबर्नमध्येच आहे.

पुढे एक दंतकथा पसरली आणि ती पुस्तकांतून पुनःपुन्हा छापली गेली. म्हातारे जॅक्सन एकदा माउंट ऑबर्नमध्ये गेले, मॉर्टनच्या स्मारकावरचा मजकूर त्यांनी वाचला, रागाने बेभान झाले, आणि तेथून त्यांना थेट वेड्यांच्या इस्पितळात न्यावे लागले. गोष्ट झकास आहे, वर्गात सांगितली तर मुले कान टवकारतील. पण ती खरी नाही. १८७३ मध्ये जॅक्सन मानसिक रुग्णालयात दाखल झाले आणि १८८० मध्ये तेथेच वारले, एवढे खरे. मात्र त्यांच्या आजाराच्या जुन्या नोंदी विसाव्या शतकाच्या अखेरीस एका अभ्यासकाने तपासल्या. त्यांत मत्सराने आलेले वेड दिसले नाही. त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता आणि त्यात वाचा गेली होती. शब्द सापडत नसलेल्या माणसाची धडपड पाहणाऱ्याला वेडासारखी वाटू शकते. शिवाय प्रतिस्पर्ध्याचे स्मारक पाहून वेडा झालेला शास्त्रज्ञ ही गोष्ट इतकी नेटकी आहे, की ती कोणी तपासली नाही. मला स्वतःला या प्रकरणात मॉर्टन किंवा जॅक्सन यांच्यापैकी कोणा एकाची बाजू घ्यावीशी वाटत नाही. जॅक्सन यांना सुचले असेल, पण जाहीर प्रयोगाची जोखीम घेतली मॉर्टन यांनी. आणि लाँग यांनी दोघांच्याही आधी ते करून दाखवले. 'शोध कोणी लावला?' या परीक्षेतल्या एका गुणाच्या प्रश्नाला एका नावाचे उत्तर बसत नाही, एवढे मात्र नक्की.

हिमनदीचा धोंडा

दुसरी जोडी लुई अ‍ॅगासी आणि एसा ग्रे यांची. अ‍ॅगासी मूळचे स्वित्झर्लंडचे. एके काळी युरोपचा मोठा भाग बर्फाखाली होता, ही हिमयुगाची कल्पना त्यांनी १८३७ मध्ये जोरकसपणे मांडली. १८४६ मध्ये ते अमेरिकेत आले आणि हार्वर्डचे सर्वांत लोकप्रिय प्राध्यापक झाले. १८७३ मध्ये ते वारले. त्यांच्या कबरीवर घडवलेला दगड नाही. ज्या आर हिमनदीवर त्यांनी तरुणपणी निरीक्षणे केली, तिने वाहून आणलेला एक ओबडधोबड धोंडा स्वित्झर्लंडहून आणून तेथे ठेवला आहे. हिमनदी दगड वाहून नेते, हा त्यांच्या सिद्धान्ताचा पुरावाच त्यांच्या उशाशी आहे. इतके समर्पक स्मारक मी दुसरे पाहिलेले नाही.

ग्रे हे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि डार्विनचे पत्रमित्र. १८५८ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन आणि वॉलेस यांचे लेखन एकत्र वाचले गेले, त्यात डार्विनने ग्रे यांना १८५७ मध्ये लिहिलेल्या पत्राचा भाग होता. अ‍ॅगासी उत्क्रांतीचे कट्टर विरोधक. प्रत्येक जाती जेथे आढळते तेथेच स्वतंत्रपणे निर्माण झाली, असे ते मानत. ग्रे यांच्यापुढे मात्र एक कोडे होते. जपानमधील आणि अमेरिकेच्या पूर्व भागातील अनेक वनस्पती एकमेकींसारख्या आहेत, पण मधल्या विस्तीर्ण प्रदेशात त्या नाहीत. हे कसे? ग्रे यांनी १८५९ मध्ये स्पष्टीकरण दिले : पूर्वी या वनस्पती उत्तरेकडे सलग पसरल्या होत्या, हिमयुगाने त्यांना दक्षिणेकडे रेटले आणि त्यांचे समूह विलग झाले. म्हणजे अ‍ॅगासींचेच हिमयुग वापरून त्यांनी अ‍ॅगासींची स्वतंत्र निर्मिती मोडून काढली. आज ग्रे यांचीही कबर या बागेत आहे.

अ‍ॅगासींच्या धोंड्यावर न लिहिलेली एक गोष्टही सांगितली पाहिजे. मानववंश वेगवेगळे निर्माण झाले आणि ते समान नाहीत असे ते मानत. त्याचा पुरावा म्हणून त्यांनी १८५० मध्ये दक्षिण कॅरोलायनातील गुलाम स्त्रीपुरुषांची उघड्या अंगाने छायाचित्रे काढवून घेतली. ती १९७६ मध्ये हार्वर्डच्या एका संग्रहालयात सापडली. याच दफनभूमीत हॅरिएट जेकब्स यांची कबर आहे. गुलामीत जन्मलेली ही स्त्री मालकापासून सुटण्यासाठी आजीच्या घराच्या छपराखालच्या पोकळीत जवळजवळ सात वर्षे लपून राहिली. तेथे तिला ताठ उभेही राहता येत नव्हते. १८६१ मध्ये तिने टोपणनावाने आत्मकथन छापले. पुढे शंभराहून अधिक वर्षे बहुतेक अभ्यासक त्याला कोणा गोऱ्या लेखिकेने रचलेली कादंबरी समजत होते. गुलाम स्त्री असे लिहू शकेल, हेच त्यांना पटत नव्हते. १९८० च्या दशकात जीन फेगन येलिन यांनी पत्रे आणि दप्तरे धुंडाळून ते सर्व खरे असल्याचे सिद्ध केले. अ‍ॅगासींच्या कबरीपाशी थांबणाऱ्याने हॅरिएट जेकब्स यांच्या कबरीपर्यंतही चालत जावे.

तारीख कोरलेला खडक

कबरीचा दगड हा मजकुरापलीकडेही पुरावा असतो. भूशास्त्रज्ञाला खडक उघडा पडल्याची तारीख क्वचितच कळते. येथे ती कोरलेलीच असते! आर्चिबाल्ड गिकी या स्कॉटिश भूशास्त्रज्ञाने १८८० मध्ये एडिंबरोच्या दफनभूमींतील दगड तपासून कोणता खडक किती वेगाने झिजतो याचा अंदाज बांधला. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल बनते आणि ते संगमरवर हळूहळू विरघळवते. दगडी कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइडने तर त्याचे जिप्सम होते, त्याचा काळपट पापुद्रा धरतो आणि सोलून निघतो. म्हणून माउंट ऑबर्नमध्ये संगमरवरी स्मारकांवरची अक्षरे बोटाने चाचपून वाचावी लागतात, तर शेजारच्या ग्रॅनाइटवरची काल कोरल्यासारखी दिसतात.

हा प्रयोग आपल्याकडे सहज करता येईल. शाळा, ग्रामपंचायत, देऊळ यांच्या कोनशिलांवर तारखा असतात. उघड्यावरच्या आणि आडोशाच्या संगमरवरी कोनशिलांवरून विद्यार्थ्यांना हात फिरवू द्या. कोणती खरखरीत झाली आहे, कोणती गुळगुळीत आहे, याचा तक्ता करा, आणि बेसाल्टच्या पाट्यांशी तुलना करा. संगमरवराच्या चुऱ्यावर व्हिनेगर टाकून बुडबुडे दाखवावेत ते मात्र वर्गात. कोनशिलेवर नको!

झाडेही नोंदी ठेवतात. मॅसॅच्युसेट्समधील लॉवेल येथील बाग-दफनभूमीचे ३० मे १८६८ रोजी काढलेले एक छायाचित्र आहे. सैनिकांच्या स्मृतिदिनाला माणसे जमली आहेत आणि मागची झाडे निष्पर्ण आहेत. २००५ मध्ये त्याच तारखेला, त्याच जागी संशोधकांनी दुसरे छायाचित्र काढले, त्यात झाडे पानांनी गच्च भरली आहेत. १८६८ चा वसंत थंडच होता, त्यामुळे एका चित्रावरून हवामानबदल सिद्ध होत नाही. संशोधकांनीही तो एवढ्यावर सिद्ध केला नाही. त्यांनी अशी अनेक छायाचित्रे आणि वाळवून ठेवलेले नमुने तारखांसह जमवले, तापमानाच्या नोंदींशी ताडून पाहिले, आणि मग निष्कर्ष काढला. माउंट ऑबर्नमध्येही आता स्वयंसेवक ठरावीक झाडांना पालवी आणि फुले कधी येतात याच्या नोंदी करतात.

पुन्हा पोकीप्सीकडे वळू. आनंदीबाईंच्या दगडावर त्यांचे नाव, एम. डी. ही पदवी आणि जन्ममृत्यूची साले आहेत. शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असेही त्यावर कोरले आहे. आनंदीबाई एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघाल्या. त्याच एप्रिलमध्ये पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. त्याही ब्राह्मण, त्याही शिकायलाच. दगडावरचा 'पहिली' हा शब्द काही दिवसांच्या अंतराने खरा ठरतो. पुढे मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला आनंदीबाईंना पदवी मिळाली, तेव्हा समारंभाला रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या.